आधी मोटार की आधी सोयरीक

शिलाई मशीन फुकट मिळायलंय, ही बातमी आमच्या युसूफ वडगावात आली आणि ज्या बायांनी जन्मात सदऱ्याला बटण लावलं नव्हतं, त्याही आठवड्याभरात शिंपिणी झाल्या. सेवा केंद्रावर जाऊन अंगठे देऊन आल्या. आमच्या शेजारच्या मामी त्यात सगळ्यांत पुढं. मामींच्या घरात सुई फक्त पायातला काटा काढायला वापरतात हे मला पक्कं माहीत, कारण आमच्या दोघींच्या परसात आडोसा म्हणून आहे ती नुसती बाभळीची कुपाटी, आणि तिलाही मामींच्याच शेळीनं भगदाड पाडलेलं. मी बचत गटांचं काम करते. गावात कुठलीही योजना आली की तिची पहिली चौकशी त्या भगदाडातून होते.

"कामून गं, मपलं मशीन अजून आलं न्हाई?"

"मामी, ती विश्वकर्मा योजना हाय. आधी ट्रेनिंग, मग वस्तू."

"ट्रेनिंग कशाला? मशीन आल्यावर शिकंल की सून."

मग बसले समजावून सांगत. ही योजना सुरू झाली 17 सप्टेंबर 2023 ला. आपल्याकडं त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन चाललेलं, तिकडं दिल्लीत विश्वकर्मा जयंती. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, परीट, चांभार, शिंपी असे एकूण 18 धंदे तिच्यात बसतात. पाच-सात दिवसांचं पहिलं प्रशिक्षण, त्याचे दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर, आणि पुढं 5 टक्के व्याजानं पहिल्या खेपेला लाखापर्यंत कर्ज. घरातून एकालाच. पण ही योजना रिकाम्या माणसासाठी नाहीच मुळी. तो धंदा तुम्ही आधीपासून स्वतःच्या हातानं करत असला पाहिजेत, आणि तशी पडताळणी ग्रामपंचायतीपासूनच सुरू होते.

"म्हंजी ज्याला काम हाय त्यालाच काम शिकवायलेत? अन् जो रिकामा बसायलाय त्यानं काय करावं?"

मामींचं असंच असतं. फॉर्म भरताना कळत नाही, पण कुपाटीवर बरोबर मुद्द्याला हात घालतात.

"रिकाम्यासाठी आरसेटी हाय की, मामी. बीडला."

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याला एक, आणि ती चालवायची बँकेनं, सहसा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेनं. मूळ कर्नाटकातलं. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांना हाताशी धरून 1982 मध्ये उजिरे गावात पहिली संस्था काढली. ती इतकी चालली की 2009 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानं प्रत्येक जिल्ह्यात तशी एक असावी असं ठरवलं. राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. शेळीपालन किंवा दुधाचा धंदा दहा दिवसांत, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग ही महिन्याभराची. अटी म्हणाल तर खेड्यातला माणूस, वय 18 च्या वर आणि वर्षानुवर्षं चालत आलेल्या नियमानं 45 च्या आत, लिहिता-वाचता येणारा, आणि हाताला काम नसलेला. बॅचमध्ये निदान 70 टक्के लोक गरीब घरातले पाहिजेत, म्हणजे आपल्या गल्लीत तर ती अट कुणाला आडवी येत नाही. आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो, शाळेचा दाखला. घरात कुणी बचत गटात असेल तर नाव बचत गटांच्या उमेद अभियानामार्फतही जातं.

एवढं ऐकून मामी गप्प झाल्या. मामी गप्प होणं चांगलं लक्षण नव्हे.

"मपल्या धाकट्याचं नाव टाक की मग," इकडंतिकडं बघत त्या म्हणाल्या. "पण एक करशील? त्या कागदावर बेरोजगार म्हणून लिहू नगंस."

आता मामींच्या धाकट्याची कथा सांगते. बी.ए. झालाय. आमच्या गावात पोलीस ठाणं असल्यामुळं की काय, पण इथल्या पोराला मिसरूड फुटलं की ते भरतीसाठी पळायलाच लागतं. पहाटे रस्त्यानं जावं तर पोरांच्या बुटांचाच आवाज. हाही पळला. खुल्या वर्गाला शिपाईभरतीचं वय 28 ला संपतं, तसं याचंही संपलं. मग मामाच्या ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून कारखान्याला जायला लागला. दिवाळीच्या आगंमागं जायचं, मार्च-एप्रिलला यायचं, राहिलेले महिने पारावर. शेत दोन एकर, त्यात तिघं भाऊ.

आणि आता सोयरीक बघायला लागलेत. बायोडाट्यात लिहिलंय, 'व्यवसाय : शेती व ट्रान्सपोर्ट'. सोबत फोटो, ट्रॅक्टरला टेकून. पाहुण्यांना सांगितलंय की पोरगं महिन्याला बक्कळ कमवतंय. त्याच आठवड्यात मी म्हणणार, याला फॉर्मवर बेरोजगार लिहा.

"त्यांच्या कानावर गेलं तर? त्यांचा भाचा केजला झेरॉक्सच्या दुकानात हाय."

मला हसू आवरेना, पण मामींचं अगदीच खोटं नव्हतं. लोक समजतात की सरकारी योजनेत बसणं अवघड. आरसेटीत बसणं सोपं आहे. अवघड आहे ते, आपण बसतो असं चारचौघांत म्हणणं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव यावं म्हणून ग्रामसभेत तावातावानं भांडणारे लोक मी बघितलेत, पण कर्त्या पोराच्या नावापुढं 'काम नाही' असं लिहायची वेळ आली की त्याच लोकांचा पेन अडतो. आई म्हणते शेती करतो, बाप म्हणतो धंद्याचं बघायलाय, आणि पोरगा म्हणतो तयारी चालू आहे. कशाची, ते विचारायचं नाही.

"अन् ती लाडक्या भावाची योजना?" मामींनी दुसरी वाट काढली. "त्यात दहा हजार मिळायलते म्हणं. तिथं कुणी बेरोजगार म्हणत नव्हतं."

तिथंही म्हणत होते, फक्त मोठ्यानं नाही. 2024 च्या जुलैत आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ती. बारावीला 6,000, आयटीआयला 8,000, पदवीला 10,000 असं विद्यावेतन, आधी सहा महिने आणि मग आणखी पाच. पण ते कुणाच्या तरी कार्यालयात किंवा कारखान्यात बसून शिकणं. मुदत संपली की टेबल त्यांचं आणि आपण आपल्या घरी. आमच्या पोरांना टेबलाचं फार कौतुक. हाताला तेल लागेल असलं काही शिक म्हटलं की तोंड आंबट.

मामींच्या दिराचा विषय इथंच निघाला, म्हणजे मीच काढला. दिरांनी तरुणपणी ट्रायसेम केलेलं. 1979 च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली योजना, खेड्यातल्या गरीब घरच्या 18 ते 35 वयाच्या पोरांना हातातला धंदा शिकवायची. शिकताना विद्यावेतन, वर अवजारांची पेटी. दिरांनी रेडिओ दुरुस्ती शिकली. विद्यावेतन संपलं तशी दुरुस्तीही संपली, आणि पुढं रेडिओही संपले. योजना 1999 मध्ये दुसऱ्या योजनेत मिसळून टाकली.

"त्यातली पक्कड अजून हाय आमच्यात," मामी अभिमानानं म्हणाल्या. "म्हशीच्या दाव्याची कडी तिनंच दाबतेत."

म्हणूनच जुनी माणसं ट्रेनिंग म्हटलं की पेटी विचारतात. पेटी नसेल तर कशाला जायचं? गेल्या साली आमच्या गटातल्या एकीचा नवरा आरसेटीत जाऊन आला. पहिल्याच दिवशी काय शिकवलं म्हणून सगळे विचारायला, आणि तो सांगतोय, कड्या फेकायला लावल्या! मामी पदर तोंडाला लावून हसल्या.

"जत्रंत फेकतेत तसल्या? साबणाच्या वडीवर?"

अगदी तसल्या. समोर खुंटी, हातात कड्या, उभं कुठून राहायचं ते तुम्ही ठरवायचं. जवळून टाकली तर गुण कमी, लांबून टाकली तर जास्त. कुणी खुंटीच्या डोक्यावर उभा राहून टाकतो, कुणी भिंतीला पाठ लावून. शिकवणारा कड्या बघतच नाही, तो माणसाचं उभं राहणं बघतो. जो मधल्या अंतरावर उभा राहतो आणि एक हुकली की पाऊल थोडं पुढं घेतो, तो धंदा करील असा हिशेब. मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं हे डोकं. 1964 मध्ये त्यानं आंध्रात काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना असंच शिकवून बघितलं होतं.

"आमचे मालक भितीपसूनच फेकत्याल," मामी म्हणाल्या. "अन् सगळ्या हुकल्या तरी जागा सोडायचे न्हाईत. बोअरवर बोअर पाडले तेच करून."

हे बोलणं हसण्यावारी गेलं, पण त्या बोअरांचं कर्ज काही हसण्यावारी जात नाही. त्याचं पुढं सांगते.

पोराला काय शिकवायचं यावर मामींचा कल मोबाइल दुरुस्तीकडं होता. एसीच्या काचेत बसलेला पोरगा पाहुण्यांना बरा दिसतो. मी म्हटलं, मोटार रिवाइंडिंग. बनसारोळ्याच्या बाजूला एक पोरगं हा कोर्स करून आलंय, आमची विहिरीवरची मोटार त्याच्याकडंच नेली होती. आपल्याकडं काय पिकतं ते पावसावर, पण मोटारी जळायच्या थांबत नाहीत. थ्री फेज कधी दिवसा, कधी मध्यरात्री. त्यात एक फेज उडाला किंवा दाब पडला की मोटार घुंई करते आणि बसते. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. पाणी लातूरला जातं, पण काठाच्या शिवारांतून मोटारींची रांग लागलेली असते.

त्या पोरानं आमच्यासमोर मोटार उघडली तेव्हा जळक्या वार्निशचा असा भपकारा आला की मी पदरच लावला नाकाला. त्यानं छिन्नी उचलली आणि परत खाली ठेवली. आधी कानावरचा पेन काढून वहीत लिहिलं : खाचा किती, एका खाचेत वेढे किती, गुंडी कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत उतरते. तारेचा एक तुकडा काडीपेटीच्या ज्वाळेवर धरून वरचं वार्निश जाळलं, पुसला आणि गेजनं मापला. मगच जुनी तार छाटली आणि निघालेलं तांबं काट्यावर टाकलं. नवी तार जवळपास तेवढ्याच वजनाची बसली पाहिजे, कमी बसली तर समजायचं कुठंतरी वेढे खाल्ले. विहिरीवरच्या मोटारीला वार्निशची तार, बोअरमधल्या सबमर्सिबलला प्लास्टिकच्या वेष्टनाची, कारण तिच्या पोटातच पाणी असतं. हे सगळं तो हात चालवता चालवता सांगत होता. आधी दोन हंगाम तो एका दुकानात हेल्पर होता. तिथला उस्ताद वेढे मोजायची वेळ आली की त्याला चहा आणायला पाठवायचा. "ट्रेनिंगमधी पहिल्यांदा मला कुणी मोजू दिलं," असं म्हणाला.

मामींना ही गोष्ट पटली. उस्ताद लोकांचा त्यांना अनुभव आहे.

"बरं, शिकला. मग दुकानाला पैसा?"

इथं गाडी घाटात आली. पंतप्रधानांच्या आणि मुख्यमंत्र्यांच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमांत जिल्हा उद्योग केंद्रातून प्रकरण करता येतं, आणि आरसेटीचं पुरेशा दिवसांचं प्रमाणपत्र असलं की पंतप्रधानांच्या योजनेत वेगळं उद्योजकता प्रशिक्षण करावं लागत नाही. खेड्यात खुल्या वर्गातल्या पुरुषाला 25 टक्के अनुदान, पदरचे 10 टक्के. बाईला 35 टक्के, पदरचे फक्त 5.

मामींचे डोळे चमकले. "मग बायकोच्या नावावर टाकू."

"कुठली बायको?"

"तेच तर म्हणायलेय. जास्त अनुदानाला बायको पाहिजे, बायको मिळायला धंदा पाहिजे, अन् धंद्याला अनुदान पाहिजे. मग आधी काय करावं?"

मला उत्तर आलं नाही. उद्योग केंद्रातल्या साहेबालाही आलं नसतं.

त्याहून मोठी गोम म्हणजे शिबील. सिबिल म्हणा, पण आमच्याकडं शिबील. मामींच्या मालकांचं पीककर्ज थकलेलं, बोअरचं वेगळं थकलेलं. पोराच्या नावावर स्वतःचं काही थकीत नाही, पण बँकेत गेलं की आधी घराण्याचा विषय निघतो. माझ्याच गटातल्या एकीचं प्रकरण एका बँकेनं किती दिवस टेबलाखाली ठेवलं, आणि शेवटी शेताचा सातबारा तारण मागितला. नाव घेत नाही. रिझर्व्ह बँकेनं लहान उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका असं 2010 मध्येच सांगितलंय, हे मी त्या साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, मॅडम तुम्हाला बरंच माहीत आहे, आणि पाणी मागवलं. प्रकरण जागेवरच.

म्हणून माझं मत आता असं झालंय की कर्जाच्या आशेनं ट्रेनिंगला जाऊ नये, हाताच्या आशेनं जावं. ट्रेनिंगच्या फॉर्मवर बापाचं शिबील कुणी विचारत नाही. शिकल्यावर संस्थेनं दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो, फोन येतात, धंदा लावला का, कुठं अडलं. बँकेच्याच संस्थेचा फोन असल्यामुळं अडलेली फाइल कधी कधी हलते, कधी नाही. ते बनसारोळ्याकडचं पोरगं कर्जावाचून लागलं. चुलत्याच्या शेडात, जुना स्टँड, उधारीवर तार. मोटार दुरुस्त झाली की शेतकरी पैसे रोख देतो, कारण पाणी बंद पडलंय. मोबाइलवाल्याला तो दोन महिने फिरवतो.

आमचं हे चाललेलं असताना मामींची थोरली सून भगदाडापाशी येऊन उभी होती, शेळीला पाला घालायचं निमित्त करून. ती आणि थोरला असा त्यांचा एक कोयता. दोघं मिळून एक, उचलही दोघांची एकच आणि ती थोरल्याच्या हातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, त्यानं तोडायचं, हिनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. सहा महिने हेच. आणि तिच्या बँकेच्या पासबुकापासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत सगळीकडं लिहिलंय : गृहिणी.

"ताई, शेळ्यांचं दहा दिवसांचं म्हणलात, त्यात मी बसंन का?"

मामी म्हणाल्या, "तुला गं कशाला? तू घरीच असतीस."

मी मामींकडं बघितलं, मामींनी शेळीकडं बघितलं. खरं तर या घरात आरसेटीच्या अटींत सगळ्यांत चोख बसणारी कुणी असेल तर हीच. वय 26, सातवी शिकलेली, गटाची सभासद, पिवळं रेशनकार्ड, हंगाम सोडून हाताला रोजगार नाही. तिच्या नावापुढं काय लिहायचं यावर कुणाच्या सोयरिकीला बट्टाही लागत नाही. अडचण तारखांची. टोळी दिवाळीच्या सुमाराला निघते, येते एप्रिलात, जूनला पेरणी. मधल्या मे महिन्यात बॅच लागली तर साधतं, नाहीतर पेरणी झाल्यावर पोळ्यापर्यंत. उचल घेतली की मुकादम सोडत नाही. दहा दिवस बीडला राहायचं तर धाकटं लेकरू कुणाकडं?

"लेकरू माझ्याकडं राहील," मामी एकदम म्हणाल्या. मला वाटलं चुकून ऐकलं. मग खुलासा आला. "शेळ्या मपल्या हायेत ना. साल दोन साल झालं, पिल्लं मरायलीत. काय शिकून येती ते बघू तरी."

मी दोन फॉर्म काढले. थोरलीनं घरातून फोटो आणले, ऊसतोड कामगारांचं ओळखपत्र काढताना उरलेले. धाकट्याच्या फॉर्मवर मामींच्या समाधानासाठी 'हंगामी ट्रॅक्टरचालक, सध्या काम नाही' असं लिहिलं. खोटं नाही, पात्रताही जात नाही, आणि झेरॉक्सवाल्या भाच्यानं वाचलं तरी ट्रॅक्टर आधी दिसतो.

"फोटो किती लागतेत?"

"चार आणा. पासपोर्ट साइज."

"बायोडाट्याचे उरलेत की. ते कातरून चालत्याल का? टॅक्टर काढून टाकू."

"चालतील. गॉगल नाही ना त्यात?"

मामी आत गेल्या, फोटोंचं पाकीट घेऊन आल्या, एकेक उजेडाला धरून बघायला लागल्या.

"सगळ्यात हाय गं."